अर्ध्या तासाची मीटिंग

अर्ध्या तासाची म्हणून सुरू झालेली ऑनलाइन मीटिंग आज दोन तास दहा मिनिटं चालली. शेवटी कॅमेरा बंद करून, या चऱ्हाटाला इंग्रजीत काय म्हणतात ते बघायला इंग्रजी शब्दकोशच उघडला. 'इंटरमिनेबल'च्या मुळाशी लॅटिन 'टर्मिनस', म्हणजे हद्द. ज्याला हद्दच नाही ते. 'प्रोट्रॅक्टेड' म्हणजे पुढे पुढे ओढत नेलेलं, आणि त्यातलं 'ट्रॅक्ट' तेच, जे ट्रॅक्टरमध्ये आहे! (कंपासपेटीतला प्रोट्रॅक्टरही याच घरातला.) 'लाँग-विंडेड'मधला विंड म्हणजे वारा नव्हे, श्वास. दम न लागता बोलत राहणारा. आमच्या साहेबांना फिट्ट बसतो. तरी 'चऱ्हाट' म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो दोर उलगडत जातो, तो यातल्या एकातही नाही.

एवढ्यात कोणीतरी म्हणालं, "फक्त एक शेवटचा मुद्दा..."

मी 'टीडियस' शोधायला घेतला.