पाण्याची खोटी नोंद

वारीत, सासवडच्या मुक्कामात, पहाटे मनगटावरच्या घड्याळाने मला ३१ गुण दिले. शंभरपैकी. शाळेत संस्कृतातही इतके कमी पडले नव्हते.

हे गुण 'सज्जते'चे. घड्याळ रात्रभर नाडी बघतं, दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतंय ते बघतं, झोप मोजतं आणि सकाळी एक आकडा काढतं. तो आकडा जातो फोनमधल्या कोचकडे. कोच म्हणजे एआय. बोलतो मराठीत, पण एखाद्या सरकारी परिपत्रकातून उठून आल्यासारखा. त्या दिवशीचा त्याचा निरोप असा : 'आपली विश्रांतीच्या वेळची नाडी नेहमीपेक्षा १३ ने वाढलेली आहे. पाण्याचे ध्येय आपण सातत्याने पूर्ण करत आहात, अभिनंदन! त्यामुळे अपुरी झोप हे संभाव्य कारण आहे. आजचा दिवस हलका ठेवा.'

पाण्याचं वाक्य वाचलं आणि मी फोन उशाखाली सारला. ते वाक्य साफ खोटं होतं आणि त्याच्याकडून ते वदवून घेणारी मीच होते.

मी ४९ वर्षांची, डोंबिवलीत राहते, लोकांच्या हिशेबाच्या वह्या तपासते. २०२५ च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ आला. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही पण उंबरठ्यावर आहात. त्याच आठवड्यात घड्याळ घेतलं. आमच्या सासरच्या गावची, कऱ्हाडकडची, दिंडी माउलींच्या सोहळ्यात असते. सासूबाई वर्षानुवर्षं जायच्या. आता गुडघे गेले. 'माझ्या जागी तू जा,' म्हणाल्या. विचारणं वगैरे नव्हतं त्यात.

तयारी करून घेण्यात कोच चांगला होता, हे आधीच सांगते. मार्चअखेरीला पाच किलोमीटरपासून सुरुवात, दर आठवड्याला थोडी वाढ, शनिवार-रविवार लागोपाठ दोन दिवस चालायचंच, आणि नवीन बूट घालून वारीला निघायचं नाही. शेवटची सूचना तर सोन्याची. आळंदी ते पुणे या पहिल्याच वाटचालीत नव्या कोऱ्या बुटांतल्या किती पायांना फोड आलेले पाहिले, मोजदाद नाही.

१९ जून २०२५ ला आळंदीहून प्रस्थान झालं. एकादशी ६ जुलैला. घरी असताना रोज १० हजार पावलांसाठी मी रात्री साडेदहाला हॉलमध्ये येरझारा घालायचे. हा १० हजारांचा आकडा काही डॉक्टरांनी संशोधन करून ठरवलेला नाही. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' होतं, आणि तिथून तो आकडा जगभर चिकटला. वारीत तो न्याहारीच्या आत पुरा व्हायचा. मनगट थरथरायचं, पडद्यावर फटाके फुटायचे, आणि मी हातात कांदेपोह्यांचा कागद धरून उभी.

चालायला लागल्यावर मात्र घड्याळाचा गोंधळ सुरू झाला. पावलं मोजायला ते पायाकडे बघतच नाही, हाताच्या झोक्यावरून अंदाज बांधतं. माझ्या हातात टाळ! पुण्याहून सासवडला जायची वाटचाल सगळ्यांत लांब, तीसेक किलोमीटर, आणि मध्ये दिवे घाट. त्या दिवशी माझ्या खात्यात ७१ हजार पावलं जमा झाली. माझ्या पावलाच्या लांबीने गुणलं तर मी सासवड सोडून पार जेजुरीच्या पुढे पोचलेली. एकदा त्याने विचारलं, 'आपण रोइंग करत आहात असे दिसते. नोंद सुरू करू का?' उलट तासभर मी तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलं, एक हात वर धरलेला, तर तेवढ्या तासात मी जणू जागेवर बसून होते.

घाटात त्याहून मजा झाली. रथाला जादा बैल जोडलेले, 'ज्ञानोबा माउली तुकाराम'चा ठेका चढत गेलेला, आणि घड्याळात नाडी १६८. माझ्या वयाला ही जवळजवळ कमाल हद्द. २२० मधून वय वजा करायचं हा जुना ढोबळ हिशेब धरला तर १७१ च्या जवळ. घाबरले. रस्त्याच्या कडेला सरकून टाळ खाली ठेवले, गळ्यावर दोन बोटं टेकली आणि पंधरा सेकंद मोजले. २६ ठोके. म्हणजे १०४. मग उमगलं. घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची ये-जा बघतो. हात सारखा एका लयीत आपटत राहिला की त्याला रक्ताची लय आणि हाताची लय वेगळी काढता येत नाही. ते माझ्या टाळाचे ठोके मोजत होतं.

विणेकरी बुवांना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'मग बरोबरच हाय की.' आणि पुढे निघाले.

तेव्हा दिवसाचे आकडे मी सोडून दिले. रात्रीचे मात्र खरे असायचे. रात्री हात निपचित पडलेला असतो. सासवडला नाडी १३ ने वाढली होती, ती खरोखरच वाढली होती. सकाळी उठले तर तंबूचा बांबू धरावा लागला. डोळ्यांपुढे काजवे.

आता पाण्याचं. वारीत बाईमाणूस पाणी कमी पितं, हे दिंडीतल्या सगळ्या बायकांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. पहाटे तीनला उठायचं ते आंघोळीसाठी नंतर, आधी अंधार आहे तोवर जाऊन येण्यासाठी. एकदा उजाडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूसच माणूस. फिरती शौचालयं असतात, पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढलीत, पण समोर तीस-चाळीस बायकांची रांग, आत पाणी असेल-नसेल, आणि तुम्ही रांगेत अर्धा तास उभ्या राहिलात तर तुमची दिंडी तोवर दोन किलोमीटर पुढे. पुरुषांचं काय, ते झाडाकडे तोंड करतात. म्हणून मग सकाळचा चहा अर्धा, दुपारी जेवणानंतर चूळ भरल्यासारखे दोन घोट, आणि टँकरवर बाटली भरून घ्यायची ती फक्त तोंडावर मारायला.

ॲपमध्ये पाण्याचं एक निळं वर्तुळ आहे. आठ पेले झाले की ते पूर्ण होतं आणि रोज पूर्ण झालं तर 'साखळी' वाढते. मी दिवसाला जेमतेम तीन पेले पीत होते आणि आठ नोंदवत होते. रात्री तंबूत पडल्या पडल्या, टप टप टप, पाच वेळा अंगठा. मार्चअखेरीपासूनची साखळी तुटू नये म्हणून! आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतली बनावट व्हाउचरं लाल शाईने गोल करणारी मी. पुण्यातल्या मुक्कामाची तेवढी नोंद खरी. तिथे दिंडी शाळेत उतरली होती आणि शाळेत संडास होते.

त्या कोचला दोष तरी कसा देऊ? मी पाणी भरपूर लिहिलं, त्याने पाणी सोडून कारण शोधलं.

माझा बांबू धरलेला दिंडीतल्या थोरल्या आजींनी बघितला. सत्तरीच्या पुढच्या, चाळीसएक वाऱ्या झालेल्या. मला कपाळाला हात लावून बघितलं, जीभ काढायला लावली आणि सगळ्यांदेखत विचारलं, 'सूनबाई, लघवी कशी हुतीया? पिवळी?'

'गडद आहे, आजी.'

'कवा झालती?'

आठवेना. काल दुपारी बहुतेक.

'चल,' म्हणाल्या.

सासवडला दुसऱ्या दिवशी मुक्कामच असतो, म्हणून बरं. डॉक्टरांच्या गाडीपाशी माझं ब्लडप्रेशर ९६ वर ६० भरलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'पाणी किती पिता?' माझा हात सवयीने फोनकडे गेला. आजी मध्येच म्हणाल्या, 'काय पीत न्हाई ती. कुणीच पीत न्हाई.' डॉक्टरांनी मान हलवली, जणू सकाळपासून हेच वाक्य चाळीस वेळा ऐकलंय. मला ओआरएसची पाकिटं मिळाली, वर सांगितलं की पाकीट संपलं तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मोजून. अंदाजपंचे मीठ घालायचं नाही.

मग डॉक्टर म्हणाल्या, 'आजी, तुम्हीपण बसा, दंडाला पट्टा लावू.' आजींचा आकडा १७० वर १००.

'गोळी घेता का?'

'घिती की. वारी झाल्यावर घिन.'

त्या बीपीच्या गोळीने लघवीला जास्त होतं म्हणून आजी आळंदीला निघायच्या आदल्या दिवसापासून ती बंद करतात. दर वर्षी. चाळिशीतली माझी चुलतसासू शेजारीच उभी होती, तीही म्हणाली, 'मी पण.' डॉक्टर क्षणभर गप्प बसल्या. मग आजींना रागावल्या, चांगल्याच रागावल्या, आणि लघवी न वाढवणारी दुसरी गोळी लिहून समोर गिळायला लावली. आजींनी ती गिळली, पाणी मात्र एकच घोट.

दुपारी थोडी हुशारी आल्यावर मी कोचला विचारलं : 'वारीत बायकांनी लघवीला कुठे जावं?' पालखीच्या तळावर लाखो माणसं आणि नेटवर्क तेवढंच. चाक बराच वेळ फिरत राहिलं. उत्तर आलं : 'नकाशावर जवळचे सार्वजनिक शौचालय शोधा व गर्दीची वेळ टाळा.'

गर्दीची वेळ टाळा. वारीत!

नकाशा खरा होता आजींकडे. जेजुरीला कुठल्या गल्लीतली सून दार उघडते, वाल्ह्याच्या अलीकडे कुणाच्या वस्तीवर नवीन संडास बांधलाय, नीरेच्या स्नानाआधी कुठे थांबायचं, लोणंदच्या पुढे कुठला पेट्रोलपंपवाला नाही म्हणत नाही. हे सगळं त्यांना पाठ होतं, पण त्या कुणाला सांगत नव्हत्या, कारण दहा बायका नेल्या की ते दार पुढच्या साली बंद होतं. मला 'आजारी हाय पोरगी' म्हणून सोबत घेतलं. त्या बदल्यात मी एकच काम केलं. रोज रात्री आठला घड्याळात गजर, आणि आजींच्या हातावर गोळी. गुडघ्यासाठी त्या एक लाल गोळी उपाशीपोटी चघळायच्या, तीही भाकरीनंतर घ्यायला लावली. चिडायच्या. 'तुज्या घड्याळापरीस तू जास्त वाजतीस.'

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व दोन ओळींमधून गेला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं तुटून पडली. त्या रात्री तरडगावला तंबूत आजी म्हणाल्या, 'बगू तरी ते, मला काय म्हनतंय.' मी घड्याळ काढून त्यांच्या मनगटावर बांधलं. पट्टा शेवटच्या भोकाच्याही आत गेला. हिरवा दिवा लुकलुकला, थांबला, परत लुकलुकला. पडद्यावर आलं : 'घड्याळ मनगटावर नाही.'

घट्ट केलं. पुन्हा तेच. मग मोबाइलच्या उजेडात नीट पाहिलं. आजींच्या मनगटावर वरच्या बाजूला गोंदण होतं, तुळशीवृंदावन, सात-आठ वर्षांच्या असताना काढलेलं, आता पसरून हिरवट-निळं झालेलं. शाई दिव्याचा उजेड गिळून टाकते. आतली नाडी त्याला दिसत नाही. दुसरं मनगट पाहिलं तर तिथे नाव.

'काय म्हनतंय?'

'म्हणतंय, इथे कुणी नाहीच.'

आजी इतक्या हसल्या की शेजारच्या तंबूतून कुणीतरी ओरडलं. मग ही गोष्ट वाखरीपर्यंत त्यांनी भेटेल त्याला सांगितली. पुरंदावड्याच्या गोल रिंगणात, वेळापूरच्या धाव्यात, जेवणाच्या पंगतीत. 'आमच्या सूनबाईच्या घड्याळाला मी गावलीच न्हाई.'

वाखरीच्या तळावर शेवटच्या पहाटे मला अडीचलाच जाग आली. त्याच दिवशी पंढरपूर. सज्जता ७८ होती, नाडी आळंदीआधी होती तिथे परत आलेली. झोप येईना, म्हणून ॲप उघडलं आणि मागे मागे गेले. १९ जून, २० जून, २२ जून. प्रत्येक दिवसाचे पाच पेले, एकेक करून पुसले. पंधरा. प्रत्येक वेळी ते विचारायचं, नक्की काढायचं का? शेवटचा पेला निघाला तसं निळं वर्तुळ एका बाजूने उघडं पडलं आणि खाली ओळ आली : 'आपली ९६ दिवसांची साखळी खंडित झाली आहे. नव्याने सुरुवात करायची का?'

'काय लिवतीस गं येवड्या रातचं?' आजी उठून बसल्या होत्या. लुगड्याचा काष्टा खोचत म्हणाल्या, 'ठेव ते. बाटली घे. अंदार हाय तवर जाऊन यिऊ.'