आमची वाटचाल: कोटेशनमधून गळालेल्या ओळी

आमच्या सुरुवातीच्या कोटेशनमध्ये एसइओच्या, म्हणजे साइट गूगलच्या निकालात वर आणण्याच्या कामाच्या, नावाखाली बारा ओळी असत. आता पाच उरल्यात, रक्कम मात्र उतरलेली नाही. वडोदऱ्यात रावपुऱ्यातला कापडवाला असो की मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला व्हॉल्व्हवाला, कागद हातात घेतला की पहिला प्रश्न हाच: ओळी निम्म्या झाल्या, मग पैसे का नाही? प्रश्न रास्त आहे. आमच्या पेढीची वाटचाल सांगायची तर या गळालेल्या ओळींचाच हिशेब द्यावा लागेल.

सगळ्यात आधी गेली 'मेटा कीवर्ड'. पानाच्या कोडमध्ये पन्नास शब्द कोंबले की काम फत्ते, असा समज. वेब शोधाचा क्रम लावताना हा टॅग बघतच नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं. बाजारात त्याचे पैसे अजून घेतले जातात, तो भाग वेगळा. मेटा डिस्क्रिप्शननेही, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या पानाच्या सारांशानेही, क्रम ठरत नाही, पण निकालात शीर्षकाखाली दिसणारा मजकूर बऱ्याचदा तिथूनच उचललेला असतो, आणि तो वाचून माणूस क्लिक करतो किंवा करत नाही. म्हणून ते आम्ही लिहितो. वेगळा आकार लावत नाही.

मग 'दरमहा ५०० बॅकलिंक', म्हणजे दुसऱ्यांच्या साइटींवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका. गूगलच्या एप्रिल २०१२ मधल्या पेंग्विन नावाच्या अपडेटने अशा विकतच्या लिंकांवर पोसलेल्या साइटी खाली ओढल्या. २०१६ नंतर गूगल त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या मोजेनासा झाला, म्हणजे शिक्षा टळली तरी पैसे पाण्यातच. कामाची लिंक बहुधा एका फोनवर मिळते: ज्या कंपनीचे तुम्ही अधिकृत विक्रेते आहात तिची डीलर यादी, तुमच्या संघटनेची सभासद यादी. पाचशेची गरज नाही, चार पुरतात.

'गावोगावची पानं' ही ओळ काढताना गिऱ्हाइकांनी सर्वांत जास्त वाद घातला. पादरा, सावली, डभोई, करजण, हालोल असं गावाचं नाव बदलून तोच मजकूर चाळीस पानांवर. याला गूगलच्या नियमांत डोअरवे पानं म्हणतात आणि ती स्पॅममध्ये मोडतात. हालोलला खरंच तुमचं गोदाम असेल, तिथला पत्ता, माणूस, डिलिव्हरीचा दिवस वेगळा असेल, तर पान जरूर करा. याच जातीचा दुसरा हट्ट म्हणजे 'वडोदरा', 'बरोडा' आणि 'बडोदा' यांची तीन वेगळी पानं. तिन्ही नावं एकाच शहराची, हे गूगलला चांगलं कळतं. आम्ही पत्त्यात 'वडोदरा' ठेवतो आणि लोकांच्या तोंडी असलेलं 'बरोडा' मजकुरात जिथे सहज बसेल तिथे येऊ देतो. तेवढं पुरतं.

आणि 'पहिल्या नंबरची हमी'. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगल सांगतो. मुळात नंबर एकच नसतो. दांडिया बाजारातल्या दुकानात बसून फोनवर शोधलं तर आपण पहिले. तेच अलकापुरीतून शोधलं तर चौथे. नकाशातल्या निकालात शोधणाऱ्यापासूनचं अंतर धरलं जातं. ब्राउझरची इन्कॉग्निटो (खाजगी) विंडो उघडल्याने शोधणाऱ्याचं ठिकाण बदलत नाही, त्यामुळे ती चाचणीही फसवी. आम्ही सर्च कन्सोल या गूगलच्याच साधनातली क्लिक आणि इम्प्रेशन (साइट निकालात किती वेळा दिसली) दाखवतो. तिथे १६ महिन्यांची माहिती राहते, म्हणून चणिया-चोळीवाल्याचा नवरात्रीआधीचा महिना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावता येतो. त्याचा ऑक्टोबर जूनशी ताडून 'वाढ' दाखवणं ही शुद्ध लबाडी.

जाहिरात चालू ठेवली की खालचा फुकटचा क्रमही सुधारतो, असंही पुष्कळांना वाटतं. नाही सुधारत.

आता उरलेल्या पाच ओळी. पहिली, साइट गूगलला दिसते का. ऐकायला बाळबोध, पण नवी साइट बनवताना वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंगखाली, 'शोध इंजिनांना परावृत्त करा' अशा अर्थाची एक चौकट असते. साइट तयार होत असताना तिच्यावर टिक करतात आणि उद्घाटनाच्या घाईत काढायची राहते. मग प्रत्येक पानात 'नोइंडेक्स', म्हणजे 'निकालात दाखवू नका' ही सूचना, जाते, साइट निकालातून गायब होते, आणि मालक 'अल्गोरिदम बदलला' म्हणत बसतो. उलटी चूकही होते: जुनं पान काढायचं म्हणून रोबॉट्स फाइलमध्ये, म्हणजे शोध इंजिनाने कुठे जायचं नाही ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, अडवतात. अडवल्यावर गूगल आत जाऊन 'नोइंडेक्स' वाचूच शकत नाही, आणि पत्ता वर्णनाशिवाय निकालात लटकत राहू शकतो. आधी वाचू द्या; पान निकालातून उतरलं, की मग हवं तर अडवा.

दुसरी ओळ, साइट बदलताना जुन्या पत्त्यांची जोडणी. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर वळवणं सोपं, म्हणून डिझायनर तेच करतात. गूगल अशा वळणाला बऱ्याचदा 'पान सापडत नाही' असंच धरतो. आम्ही एक्सेलमध्ये दोन रकाने करतो, डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे त्याच मालाचं नवं पान, आणि एकेकाला ३०१, म्हणजे कायमचं वळण, लावतो. ही वळणं निदान एक वर्ष काढायची नाहीत. सर्वांत कंटाळवाणं काम हे, आणि पैसे सर्वांत जास्त याचेच लागतात.

तिसरी, मालाप्रमाणे पान. कारखान्यांच्या साइटवर 'आमची उत्पादने' असं एकच पान आणि खाली कॅटलॉगची पीडीएफ असते. खरेदी विभागातला माणूस 'दर्जेदार व्हॉल्व्ह' असं शोधत नाही. तो दोन इंची, एसएस ३१६, क्लास १५०, फ्लँज एंड बॉल व्हॉल्व्ह शोधतो. म्हणून प्रत्येक प्रकाराला पान, आणि पानावर तक्ता: माप, मटेरियल, प्रेशर क्लास, टोकाची जोडणी, चाचणी एपीआय ५९८ या व्हॉल्व्ह-चाचणीच्या मानकाप्रमाणे होते की नाही. हा मजकूर आम्हाला लिहिता येत नाही, शॉप फ्लोअरवरच्या माणसाकडूनच घ्यावा लागतो. हजार शब्द हवेतच, हाही भ्रम आहे. शब्दसंख्येवर क्रम लागत नाही. तक्ता पुरा असेल तर दीडशे शब्दही चालतात.

चौथी, फोटोंचं वजन. फोनवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो थेट चढवतात. तो १२०० पिक्सेल रुंदीला आणून वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये केला तर बहुधा दोनशे केबीच्या आत बसतो. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हे गूगलचं माप. पण वेगाचा ताणही धरू नका. वेगाच्या चाचणीत शंभरपैकी शंभर गुण मिळवले म्हणून रिकामं पान वर येत नाही.

पाचवी ओळ बिझनेस प्रोफाइलची, म्हणजे गूगलवर आणि नकाशात दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीची. फलकावर नुसतं दुकानाचं नाव असेल, तर प्रोफाइलच्या नावात 'बेस्ट साडी शॉप इन बरोडा' जोडणं नियमाविरुद्ध आहे. प्रोफाइल निलंबित होऊ शकतं आणि परत मिळवताना फलकाचा फोटो, बिलं, कागदपत्रं शोधत बसावं लागतं. पेढ्याचा बॉक्स देऊन पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू घेणंही त्यातच आलं. वेळा मात्र नक्की बदला: उत्तरायणच्या दोन दिवसांत दुकान बंद आणि फोनवर 'उघडे आहे' दिसलं, की गच्ची सोडून आलेलं गिऱ्हाईक एका ताऱ्याचा रिव्ह्यू तिथेच लिहितं.

मुदतीचं म्हणाल तर गूगलचं स्वतःचं म्हणणं चार महिने ते एक वर्ष असं आहे, आणि ते आम्ही कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात नाही, रकमेच्या शेजारी छापतो. नवरात्रीचा माल विकायचा असेल तर आमच्याकडे मे महिन्यात या.