जॅक नाइटला कोणी विचारलं होतं?

आज सुट्टी. 'स्टारमॅन' या सुपरहिरो कॉमिकचे जुने अंक काढून बसलो आणि जेवायला चार वाजले.

१९९४ मधला जेम्स रॉबिन्सन-टोनी हॅरिसचा जॅक नाइट म्हणजे जुन्या वस्तूंचा दुकानदार, वडिलांच्या (मूळ स्टारमॅन तेच) हिरोगिरीची टर उडवणारा. वारसा हौसेने घेतला तो भाऊ डेव्हिडने, आणि त्याला लगेच गोळी घातली. मग स्टारमॅनचा तो ऊर्जादंड, म्हणजे त्याचं शस्त्र, जॅकच्या गळ्यात! पण पोशाख? अजिबात नाही. लेदर जॅकेट, गॉगल आणि खाऊच्या पाकिटातून निघालेला शेरीफचा खोटा तारा. वर वडिलांशी सौदा: मी लढतो, तुम्ही तुमचं संशोधन लोकांच्या कामी लावा. (असं ठणकावून सांगणारा वारसदार मला तरी दुसरा आठवत नाही.)

मेलेल्या डेव्हिडशी त्याच्या गप्पा होतात, ते कृष्णधवल अंक उद्यासाठी ठेवलेत. कोणी वाचलेत का?