ओढ्याच्या पाण्यासाठी गटाने अनुदान घेताना: आमचा अनुभव

शेतातून वाहून जाणारी खतं आणि माती रोखण्यासाठीचं अनुदान बहुधा एकट्या शेतकऱ्याला नाही, तर गटाला मिळतं. या प्रक्रियेतून गेल्यावर आमचं मत असं झालं, की अर्ज लिहिणं त्यातलं सगळ्यात सोपं काम. कस लागतो तो आधीच्या मोजमापात आणि मंजुरीनंतरच्या हिशोबात.

गटातली शेतं एकाच ओढ्याच्या पाणलोटातली हवीत. शेतं विखुरलेली असली तर कामं कितीही चांगली होवोत, पाण्याच्या नमुन्यात फरक उमटत नाही. कामाआधीचे नमुने शेतांच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही अंगांना घ्यावेत. त्याच वेळी प्रवाहही मोजावा, कारण पाण्यात खतांचं प्रमाण किती एवढ्यावरून ओढ्याने एकूण किती खत वाहून नेलं ते कळत नाही. खतातल्या आणि मातीतल्या फॉस्फरसचा मोठा भाग मोजक्या जोरदार पावसांत वाहून जातो. महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच बाटली भरली, तर नेमका तोच निसटतो.

नमुना बर्फाच्या पेटीत 4 अंशांच्या आसपास ठेवायचा आणि टिकवण्यासाठी आम्ल घातलेलं नसेल तर नायट्रेटची (नायट्रोजनचं पाण्यात सहज विरघळणारं रूप) तपासणी 48 तासांच्या आत व्हायला हवी. विरघळलेला फॉस्फरस मोजायचा असेल तर पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून जागेवरच गाळावं. प्रयोगशाळेचा अहवाल नीट वाचावा. काही ठिकाणी आकडा नायट्रेटचा असतो, काही ठिकाणी नायट्रेटमधल्या नायट्रोजनचा. लिटरला 50 मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे साधारण 11.3 मिलिग्रॅम नायट्रोजन. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळले, की पाणी कागदावर चौपटीहून जास्त सुधारतं किंवा बिघडतं, आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटत नाही.

उपाय निवडताना प्रदूषण कुठल्या वाटेने जातं ते पाहावं. काठावरचा गवताचा पट्टा गाळ अडवतो, पण पाणी एकाच घळीतून धावत असेल किंवा जमिनीखालच्या निचरा नळ्यांतून जात असेल, तर तो पट्टा नावापुरताच. बिननांगरणीने धूप कमी होते. मात्र खत वरवर टाकत राहिलं तर फॉस्फरस वरच्या थरात साचतो आणि विरघळून जातो. अमेरिकेत एरी सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीत विरघळलेला फॉस्फरस वाढला, त्यामागच्या कारणांत हेही धरलं जातं. म्हणून खत मातीत पेरून द्यावं आणि त्याआधी माती तपासावी, एका नमुन्यासाठी शेतात 15 ते 20 ठिकाणची माती एकत्र करून. नायट्रेट अडवायला आच्छादन पीक, म्हणजे मुख्य पिकांच्या मधल्या काळात जमीन झाकणारं पीक, चांगलं, पण पेरणी लांबली की मुळं धरत नाहीत आणि बियाण्याचा खर्च वाया जातो.

आता पैसा. अनेक योजनांत आधी आपण खर्च करायचा, मग त्याची प्रतिपूर्ती मिळते. त्यामुळे बियाण्याचं पहिलं बिल कोण भरणार हे गटाच्या ठरावातच लिहावं. करारावर सही होण्याआधीची खरेदी सहसा धरली जात नाही, मग पावती कितीही चोख असो. स्वहिस्सा, म्हणजे खर्चातला गटाचा स्वतःचा वाटा, श्रम आणि यंत्राच्या तासांत दाखवता येत असेल तर नोंदवही त्याच दिवशी भरावी. हंगामाअखेरीस आठवून लिहिलेले तास ओळखू येतात. अंदाजपत्रकात हमखास कमी धरला जातो तो तपासणीचा आणि नमुने पोहोचवण्याचा खर्च.

शेतांना नावांऐवजी सांकेतिक क्रमांक द्यावेत आणि कुठली माहिती जाहीर होणार ते संमतीपत्रात स्पष्ट लिहावं. याशिवाय लोक नमुने घेऊ देत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही.

दोन वर्षांत नायट्रेट इतकं घटेल, असं वचन अर्जात देऊ नये. भूजलात आधीच मुरलेलं नायट्रेट ओढ्यात यायला कित्येक वर्षं लागू शकतात. किती क्षेत्रावर काय केलं, खत किती किलोने कमी वापरलं, नमुने किती घेतले, एवढ्याचंच वचन द्यावं. शेवटचा हप्ता पुष्कळदा अंतिम अहवाल स्वीकारल्यावरच सुटतो, म्हणून प्रयोगशाळेचं अखेरचं बिल कराराची मुदत संपण्याआधीचं येईल असं नमुन्यांचं वेळापत्रक बसवावं.