साडेचार डॉलरचं कालव

मेनू हातात आला की मी आधी उजवीकडचे आकडे वाचते, मग डावीकडचे पदार्थ. बडोद्यात दांडिया बाजारात पंचवीस वर्षं संसार केलाय, ती सवय न्यूयॉर्कला जाऊन थोडीच सुटणार. तर त्या मेनूत उजवीकडे चार, साडेचार, पाच असे डॉलर लिहिलेले आणि मला वाटलं, चला, स्वस्त आहे की. तेवढ्यात भाचा हळूच म्हणाला, "मामी, तो एका नगाचा भाव आहे."

नग कशाचा, तर ऑयस्टरचा. म्हणजे कालवाचा हो. माझं माहेर शाकाहारी, लग्न झालं सीकेपी घरात, त्यामुळे सोडे, बोंबील, तिसऱ्या सगळं मी सासरी शिकले आणि आता हात चाटून खाते, पण कालवं राहिली होती, कारण बडोद्याला ती यायची कुठून. आमच्याकडे मासळी म्हणजे बर्फातून आलेली, आणि कालव म्हटलं की बहुतेकांना ते कालवण ऐकू येतं.

भाच्याचं ऑफिस तिथे पर्ल स्ट्रीटजवळ. मोत्यांचा रस्ता! पण मोतीबिती काही नाही, पूर्वी तिथे किनारा होता आणि किनाऱ्यावर शिंपल्यांचे ढीग, म्हणून ते नाव. त्याला नवीन नोकरीची पार्टी द्यायची होती आणि मामा-मामींना काहीतरी "भारी" खायला घालायचं होतं. जागा भारी होतीच, संगमरवरी काउंटर, त्यावर बर्फाचा डोंगर, बर्फावर कालवं मांडलेली आणि मागे एक माणूस एका हातात जाड हातमोजा घालून छोट्या बोथट सुरीने एकेक उघडतोय, बिजागरीत टोक घालायचं, मनगट फिरवायचं, टक्, वरचं झाकण बाजूला, आतला स्नायू कापायचा आणि हे सगळं करताना आतलं पाणी सांडू द्यायचं नाही. अर्ध्या मिनिटाच्या आत एक. मी बराच वेळ मेनू सोडून त्याच्याकडेच बघत बसले.

नावं वाचायची तर ब्लू पॉइंट, कुमामोटो, आणि बाकी सगळ्या खाड्यांची नावं. भाच्याने समजावलं की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची बहुतेक सगळी कालवं एकाच जातीची, पण ज्या पाण्यात वाढली त्याची चव घेतात म्हणून गाव लिहितात. हे मात्र लगेच पटलं, आपण नाही का देवगडचा हापूस वेगळा आणि रत्नागिरीचा वेगळा म्हणून भांडत. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, कच्चे शिंपले खाल्ल्याने आजारी पडण्याची शक्यता वाढते. पैसे पण घेणार आणि आधीच सांगून ठेवणार!

डझन मागवली. तिघांत चार-चार. सोबत लिंबू आणि व्हिनेगरमध्ये बारीक कांदा, मिरी घातलेली एक चटणी. सगळे व्हाइट वाइन घेत होते, आम्ही गुजरातवाले, १९६० पासून आमच्या राज्यात दारूबंदी, नवऱ्याने इतक्या वेळा इकडेतिकडे बघून ग्लास उचलला की वेटरला वाटलं आम्हाला कोणी भेटायला येणारेय.

पहिलं कालव म्हणजे खरं सांगू, चौपाटीवर लाटेने तोंडात पाणी जातं ना, तसं. फक्त थंडगार आणि मध्ये काहीतरी लुसलुशीत. ते जिवंत असतं हे मला खाल्ल्यावर कळलं, आधी कळलं असतं तर माझ्यातल्या माहेरने उठून जायला लावलं असतं. दुसरं मी लिंबू पिळून गटकन गिळलं. तिसरं ते कुमामोटो, छोटं, खोलगट, भाचा म्हणाला चावून खा, आणि खारटपणा ओसरल्यावर मागून एक गोडसर, काकडीच्या सालीसारखी चव आली, तेव्हा कुठे मला वाटलं की अच्छा, याच्यासाठी हे लोक येतात. चौथ्याला मी ती चव शोधत होते, पण ते दुसऱ्या खाडीचं होतं. संपलं. पाच मिनिटं पण नाही लागली.

बिल डझनाचं ५४ डॉलर, वर टॅक्स, टिप, वाइनचे वेगळे. नवऱ्याने मनातल्या मनात गुणाकार केला ते मला त्याच्या भुवयांवरून कळलं. बडोद्यात एवढ्यात अख्ख्या सोसायटीला सेवउसळ, तीही वरून पाहिजे तेवढी तर्री आणि एक्स्ट्रा पाव.

तेवढ्यात आईंचा, म्हणजे सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची पहाट, त्या साडेचारला उठतातच. मी रिकाम्या शिंपल्यांची थाळी दाखवली. त्यांचं बालपण रेवदंड्याजवळचं, लगेच ओळखलं. "अगं ही तर कालवं! केवढ्याला?" आता बोलणी बसणार या तयारीने मी भाव सांगितला. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मग महाग काय आहे? तू एक फोडून बघ."

मग त्यांनी सांगितलं ते असं की ओहोटीला बायका खडकांवर जाऊन बसायच्या, कालव खडकाला असं चिकटलेलं की खडक कुठला आणि कालव कुठलं ते कळत नाही, धार तर सुरीसारखी, कोयतीने टोचून टोचून आतला मगज काढायचा, भरती यायच्या आत उठायचं, आणि एवढ्यात एखादी वाटी जमायची. ती वाटी दारात आली की त्यांच्या आई घासाघीस करायच्या. "आणि ती बाई द्यायची गं कमी करून," आई म्हणाल्या, आणि विषय बदलून विचारलं, तिकडे थंडी पडली का.

गंमत म्हणजे याच न्यूयॉर्कात एकोणिसाव्या शतकात कालवं हे गरिबांचं खाणं होतं, गाड्यांवर मिळायची, तळघरातल्या खानावळींत सहा सेंटमध्ये पोटभर मिळायची म्हणे. मग शहराचं सांडपाणी खाडीत गेलं, लोक आजारी पडायला लागले आणि १९२७ पर्यंत तिथली कालवांची शेती बंदच झाली. एक मोठं कालव दिवसाला शे-दीडशे लिटर पाणी गाळून काढू शकतं, पण त्यालाही काही लिमिट आहे ना. पूर्वी तर म्हणायचे, इंग्रजी नावात आर असलेल्या महिन्यांतच कालवं खावीत, सप्टेंबर ते एप्रिल, कारण उन्हाळ्यात ती अंड्यावर असतात आणि उष्म्याने खराबही होतात. आपले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या काढत नाहीत, त्यातलंच.

परत आल्यावर मी खंडेराव मार्केटला भाजी घेत होते आणि एकदम आठवलं की हेच ते खंडेराव महाराज, ज्यांनी १८६५च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता, मदिनेला अर्पण करायला म्हणून. लाखो बसरा मोती. १८७० मध्ये महाराज गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. २००९ मध्ये दोहाला लिलावात तो साधारण ५५ लाख डॉलरना गेला. मी कोथिंबीर निवडता निवडता हिशोब केला, साडेचारच्या भावाने बारा लाख कालवं. अर्थात मोत्यांचा शिंपला वेगळा आणि खायचा वेगळा, खायच्यात चुकून मोती निघाला तरी त्याला ती झळाळी नसते. बुड्या मारणाऱ्यांना किती मिळाले असतील, तो आकडा काही माझ्या हिशोबात बसेना.

मैत्रिणी विचारतात, वर्थ होतं का. पोट भरायला गेलात तर अजिबात नाही, आम्ही बाहेर पडून कोपऱ्यावर पिझ्झाची स्लाइस खाल्ली, उभ्याने, आणि ती फार छान लागली. थाटासाठी तर त्याहून नाही. पण त्या तिसऱ्या कालवासाठी आणि त्या माणसाच्या मनगटासाठी मी पुन्हा एकदा जाईन, डझन न मागवता तीनच मागवीन, कुमामोटोच, आणि काउंटरवर बसीन.

एक शिंपला मी टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकला होता. आईंनी तो उलटसुलट करून, कडेवरून अंगठा फिरवून पाहिला. "कुठे टवका नाही उडाला," म्हणाल्या, "चांगला हात आहे हो त्याचा." सध्या तो बेसिनवर आहे, साबणाचा उरलेला तुकडा ठेवायला. पाणी निथळत नाही त्यातून, साबण विरघळून जातो, पण आई काही दुसरी साबणदाणी ठेवू देत नाहीत.