तळेवाडीची वटवाघळं: गुहेत न शिरता

बारापेडेच्या गुहेकडे जायचं असेल तर एक गोष्ट घरूनच ठरवून निघा: आत शिरायचं नाही. गुहेच्या तोंडापासून थोडं बाजूला, वाऱ्याच्या उलट अंगाला बसलं की जे बघायचं ते सगळं दिसतं.

ही गुहा बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात, तळेवाडीजवळ आहे. 1913 मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी इथल्या नमुन्यांवरून रॉटनच्या वटवाघळाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर कित्येक दशकं जगात हा प्राणी फक्त इथेच माहीत होता. मेघालय आणि कंबोडियातल्या नोंदी फार नंतरच्या. मोठे, कपाळावर जोडलेले कान आणि पायांमधल्या कातडी पडद्याबाहेर सुटी आलेली शेपूट. वन्यजीव कायद्यात याला अनुसूची 1 चं, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण आहे. बहुतेक फळखाऊ वटवाघळं मात्र 2022 च्या दुरुस्तीपर्यंत त्याच कायद्यात उपद्रवी म्हणून उंदरांच्या यादीत होती!

आम्ही फेब्रुवारीत, वटवाघळांचे आवाज नोंदवणाऱ्या एका अभ्यासगटाबरोबर गेलो. परवानगी त्यांची होती. तुम्हालाही वनखात्याची लेखी परवानगी लागेल, आणि जाळं लावायचं असेल तर ती थेट मुख्य वन्यजीव रक्षकांकडून. नुसतं बघायचं असेल तर जाळ्याचा विचारही नको. खानापूरपर्यंत रेल्वे आहे. पुढे हेम्माडग्याच्या बाजूने स्वतःची गाडी. रेंज धरून चालू नका. या भागातल्या गावांत मराठी-कोकणी चालते, आणि वाट दाखवायला माणूस घ्याच, कारण या जंगलात अस्वलं आहेत.

अंधार पडू लागला तशी आधी चिमुकली वटवाघळं सुटली, एकेक, मग ओघच. डिटेक्टरवर, म्हणजे त्यांचे कानाला न ऐकू येणारे आवाज पकडणाऱ्या यंत्रावर, वेगवेगळ्या पट्ट्यांत टकटक उमटत होती. रॉटनच्या वटवाघळाचा आवाज साधारण 15 किलोहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तरुण कानांना यंत्राशिवायही ऐकू येईल असा. गटातल्या मुलांना आला, मला नाही. वयाचा दाखला इतक्या स्पष्टपणे क्वचितच मिळतो.

आता विषाणूंचं. 2021 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह या माणसाला जीवघेण्या ठरू शकणाऱ्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडल्याचं जाहीर केलं आणि लगेच ‘हाकला यांना’ सुरू झालं. पण प्रतिपिंडं म्हणजे त्या प्राण्याचा विषाणूशी कधीतरी संबंध आला, इतकंच. हाकलण्याने धोका कमी होतो असं मानायला आधार नाही. ऑस्ट्रेलियात हेंड्रा या निपाहच्या भाऊबंद विषाणूच्या बाबतीत दिसलं ते असं, की अधिवास गेला, खाणं तुटलं, तेव्हा उपाशी वटवाघळं वस्तीजवळ आली आणि संसर्ग घोड्यांपर्यंत पोचला. विणीच्या काळात गुहेत टॉर्च घेऊन घुसणारा पर्यटक आईच्या अंगावरून पिल्लू खाली पाडतो, ते नुकसान तर लगेचचं आहे.

खरं सांगायचं तर या वाटेवर वटवाघळांपेक्षा गोचिडांची भीती जास्त धरावी. गोचिडांमुळे पसरणारा माकडताप 2015 मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला, आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका ट्रेकचा. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, गोचीडरोधक तेल, पालापाचोळ्यावर बसायचं नाही, परतल्यावर कपडे गरम पाण्यात. कुठे मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनरक्षकाला कळवा. परतल्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आधी सांगा.

कामासाठी आत जावंच लागलं, तर विष्ठेच्या धुळीतल्या बुरशीपासून वाचायला एन-95 मास्क, जाड हातमोजे आणि रेबीजची लस आधीच घेतलेली हवी. चावा किंवा ओरखडा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, आणि लस आधी घेतली असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. खानापूर लांब आहे, तेव्हा गाडीचं तोंड परतीच्या दिशेला करूनच उभी करा.