कोल्हापूर ते तिरुपती : आकाशातले साडेसहाशे किलोमीटर

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आणि तिरुपतीजवळचा रेणिगुंटा विमानतळ यांच्यातील सरळ रेषेतले अंतर साधारण 655 किलोमीटर आहे. हरिप्रिया एक्सप्रेस मिरज, बेळगाव, हुबळी, बळ्ळारी, गुंतकल, कडप्पा अशी फिरून जाते, त्यामुळे तिला सुमारे 900 किलोमीटर कापावे लागतात आणि दुपारी कोल्हापुरातून निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपतीला पोहोचतो. आमच्या घराने बालाजीची वारी वर्षानुवर्षे या हरिप्रियेनेच केली. आईचे गुडघे आता रात्रभराचा रेल्वेप्रवास सोसत नाहीत, म्हणून या वेळी तिला घेऊन मी विमानाने गेलो.

आमचे विमान एटीआर-72 जातीचे, पंख्यांचे होते. मोठी जेट विमाने ताशी 800 किलोमीटरच्या आसपास उडतात, तर एटीआरचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या जवळपास राहतो. मात्र तुलनेने आखूड धावपट्टीवरूनही ते सहज ये-जा करते, आणि म्हणूनच लहान शहरांना जोडण्यासाठी ते विशेष उपयोगी पडते. नुसता भागाकार केला तर हे अंतर एक तास वीस मिनिटांत संपायला हवे. प्रत्यक्षात उंची गाठताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान जागचे हलल्यापासून ते पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची धरलेली असते, त्यामुळे दीड तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ गृहीत धरावा.

आईला मी उजवीकडची खिडकी दिली होती. कृष्णाकाठच्या उसाची हिरवाई मागे पडल्यावर उत्तर कर्नाटकाची काळी, मग तांबूस जमीन दिसू लागली आणि पुढे एक विस्तीर्ण जलाशय आला. नकाशावरून तो तुंगभद्रेचा असावा असे मी ताडले. शेवटी शेषाचलमच्या रांगा इतक्या जवळ आल्या की आईने खिडकीतूनच हात जोडले. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि रेणिगुंट्याचा जेमतेम शंभर मीटरवर, त्यामुळे दार उघडताच दमट उकाड्याने आमचे स्वागत केले.

महानगरांना वगळून दोन लहान विमानतळ थेट जोडले जावेत, या मागणीला इथे फार जुना आधार आहे. बालाजीचे दर्शन घेऊन आल्यावर करवीरनिवासिनी अंबाबाईला गेल्याखेरीज यात्रा पुरी होत नाही, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. नवरात्रात तिरुमलाहून देवीसाठी शालूही येतो. भाविकांची ही ये-जा विमानापूर्वीपासूनच होती. 2017 मध्ये लहान शहरे विमानाने जोडण्यासाठीच्या केंद्राच्या उडान योजनेतील पहिली विमाने सुरू झाली आणि अशा मार्गांचा विचार होऊ लागला, ही मला त्या योजनेची सर्वांत मोलाची बाजू वाटते. मात्र प्रादेशिक मार्गांवरील फेऱ्या अधूनमधून बदलतात, बंदही होतात. तेव्हा तिरुमलाच्या दर्शनाची वेळ आरक्षित करण्यापूर्वी विमानाचे वार पाहून घ्यावेत.

परतताना पश्चिमेचा वारा समोरून येत असेल, तर काही मिनिटे जास्त लागतात. तरीही दुपारचे विमान मिळाले, तर उजळाईवाडीहून शहरात येऊन शेजारतीच्या आधी अंबाबाईचे दर्शन निवांत होते.